स्थिर वस्तूचा वेग

धुराडं हलत होतं. फार नाही. सेकंदाला अर्ध्या मीटरहून थोडं कमी, आधी जहाजाकडे, मग जहाजापासून दूर, मग पुन्हा जहाजाकडे. पडद्यावर ते एका ठिपक्याएवढंच होतं आणि त्या ठिपक्याचा रंग फिका निळा, फिका लाल, पुन्हा फिका निळा असा पालटत होता, झोपलेल्या माणसाची छाती वर-खाली व्हावी इतक्या संथपणे. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बंद पडलेल्या काच कारखान्याचं ते विटांचं धुराडं. शहरातल्या कुठल्याही उंच गच्चीवरून दिसायचं. तिच्या जन्माआधीपासून ते एका जागी उभं होतं आणि त्याचा वेग शून्य असायला हवा होता.

जमिनीवरच्या रडारचं काम सोपं असतं. ते ढगात लहरी सोडतं, थेंबांवर आपटून त्या परत येतात, आणि थेंब आपल्याकडे येताहेत की आपल्यापासून दूर चालले आहेत, किती वेगाने, हे परतलेल्या लहरींवरून कळतं. थेंब वाऱ्याबरोबर वाहतात, म्हणून तोच वारा. पण तेच रडार जहाजाच्या डोलकाठीवर चढवलं की घोटाळा सुरू होतो. जहाज डोलतं, डोलकाठीचा शेंडा त्याहून जास्त डोलतो, आणि शेंड्यावर बसलेल्या रडारला स्वतःचं डोलणं कळत नाही; त्याला वाटतं, थेंबच धावत आले. हाती आलेल्या वेगात वारा किती आणि आपण किती, हे त्याला सांगता येत नाही. ते सांगायचं काम तिचं. डोलकाठीच्या पायथ्याशी हालचाल मोजणारी एक पेटी होती. पेटीचे आकडे घ्यायचे, पेटीपासून रडार किती उंचावर आहे तो आकडा घ्यायचा, त्यावरून शेंडा कसा आणि किती हलला ते काढायचं, आणि तेवढं वाऱ्यातून वजा करायचं. कार्यालयात तिला 'वजाबाई' म्हणत. तोंडावर म्हणत, त्यामुळे तिला त्याचं काही वाटत नसे. आणि वजाबाकी नीट झाली की नाही हे कळायला उपाय एकच होता. जी वस्तू हलत नाही हे पक्कं ठाऊक आहे, तिच्याकडे बघायचं. भर समुद्रात अशी वस्तू नसते. म्हणून जहाज परतताना, धक्का मोकळा होण्याची वाट बघत बंदराबाहेर नांगर टाकून थांबलं, की रडार काही वेळ त्या धुराड्यावर रोखून ठेवायचं, असा नियम तिनेच घालून दिला होता. सगळी वजाबाकी झाल्यावर धुराड्याचा वेग शून्य यायला हवा. आजवर येत आला होता.

"कोणाकडे एवढी टक लावून बसली आहेस गं?" शेजारच्या टेबलावरून नकाशेवालीने विचारलं. ती वजाबाकी झालेल्या वाऱ्याचे नकाशे काढायची आणि दिवसभर तोंडाने काहीतरी बोलत राहायची. ती रजेवर असली की खोली मोठी वाटे.

"धुराड्याकडे."

"धन्य आहे! नवरा तिथे नांगर टाकून बसलाय, आणि ही बाई बघतेय धुराडं."

"ते हलतंय."

"मग खालून जाणाऱ्यांना पळा म्हणून सांग." नकाशेवाली खुर्चीसकट सरकत आली, पडद्यापाशी वाकली आणि ठिपका निळ्याचा लाल होईपर्यंत बघत राहिली. "अगं बाई, खरंच की. भूत शिरलं वाटतं तुझ्या रडारात."

"वजाबाकीत शिरलं असेल."

"तुझ्या वजाबाकीत? त्या भुताची काय बिशाद." ती परत आपल्या टेबलाकडे निघाली आणि अर्ध्यात थांबली. "ते राहू दे. पार्टी कधी देतेस? कायमचा घरी येतोय म्हणे. बंदराच्या कार्यशाळेत जागा मिळाली म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"तुझ्या सासूबाईंनी. मी फोन तुला केला होता, उचलला त्यांनी. मग काय, खिचडी शिजून खाली लागेपर्यंत सोडलं नाही मला."

"अजून ठरलं नाही."

"आता काय ठरायचं राहिलंय? सही ठोकली की झालं."

'अजून ठरलं नाही' हे वाक्य तिच्या तोंडात आता गुळगुळीत झालं होतं. नवरा त्याच जहाजावर रडारचा तंत्रज्ञ होता. वर्षातले थोडे आठवडे घरी, बाकी सगळं वर्ष पाण्यावर. उन्हाळ्यात, जहाज दुरुस्तीच्या गोदीतून बाहेर पडलं त्याच सुमाराला, तो फोनवर म्हणाला होता, "फिरतीचा कंटाळा आला गं. किनाऱ्यावरची जागा देताहेत. घेऊ? तू म्हणशील तसं." ती म्हणाली होती, "बघू." पुढच्या फोनला, "बघू की." त्याच्या पुढच्या फोनला, "तू ये तर खरा, समोरासमोर बोलू." उद्या जहाज धक्क्याला लागणार होतं. सही करायची मुदतही उद्याचीच होती. आणि त्याचं ते 'तू म्हणशील तसं' अजून तिच्या दाराशी उभं होतं, चपला न काढता, आत या असं कोणी म्हणण्याची वाट बघत. नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं. हो म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

तिने आधी घड्याळं तपासली. पेटीचं घड्याळ रडारच्या घड्याळाहून जरा जरी मागे पडलं, तरी वजाबाकी बरोबर असून उशिरा होते, आणि उशिरा झालेली बरोबर वजाबाकी ही चूकच. पण तसं असतं तर जहाज एका अंगावर पुरतं कलून क्षणभर थबकतं, नेमकं तेव्हा धुराडं सर्वांत जोरात धावलं असतं. ते धावत होतं जहाज सरळ होऊन दुसऱ्या अंगाला जाऊ लागतं त्या क्षणी. म्हणजे घड्याळं ठीक होती. उंची चुकली होती. रडार पेटीपासून जितकं उंच आहे असं तिचा प्रोग्राम धरून चालला होता, त्याहून ते जास्त उंच होतं. डोलकाठी काही वाढत नाही. म्हणजे पेटी खाली गेली होती. हे एवढं कळल्यावर तिला नेहमीसारखं बरं वाटायला हवं होतं, गाठ सुटल्यावर वाटतं तसं. तसं वाटलं नाही. 

पेटीची जागा तिने आणि नवऱ्याने मिळून ठरवली होती. तेव्हा तो तिचा कोणी नव्हता, हातात खडू घेतलेला एक उंच तंत्रज्ञ होता, आणि ती पहिल्यांदा आणि शेवटचं त्या जहाजावर चढली होती. उन्हात तापलेल्या लोखंडी डेकवर त्याने खडूने फुली मारली आणि विचारलं, "इथे?" ती म्हणाली, "एक वीत मागे." "वीत कोणाची? तुमची की माझी?" असं म्हणून त्याने आपला पंजा लोखंडावर पसरला. तिने शेजारी आपला पसरला. लोखंड चटका देत होतं आणि दोघांपैकी कोणी हात उचलेना. एवढंच झालं होतं. लग्न व्हायला तेवढं पुरलं. नंतर लोक विचारत, जमलं कसं, तेव्हा तो सांगे, "मोजमापात जमलं," आणि हसे. ते खरंच होतं. पहिली वर्षं तर त्या पेटीनेच चालवली. सकाळी तिच्या टेबलावर आकडे येत, आणि त्या आकड्यांत तो ज्यावर झोपला, जेवला, जिने चढला ते सगळं जहाज असे. कुठल्या पहाटे ते एका अंगावर पडून राहिलं होतं, कुठल्या दुपारी तेलासारख्या पाण्यावर स्वस्थ होतं, तिला सगळं कळे. बसमध्ये उभी असताना तिची कंबर नकळत त्या लयीत एका बाजूला जाई. फोनवर ती म्हणे, "परवा पहाटे फार हाल झाले ना?" तो थक्क होई. "तुला कसं कळलं?" "कळतं मला." "बायको केली की हेर?" त्याच्या त्या थक्क होण्यावर ती पुढचे कितीतरी दिवस काढत असे. मग कधीतरी तो थक्क व्हायचा थांबला. मग कधीतरी तिने विचारायचं सोडलं. दोन्हींमध्ये भांडण नव्हतं, तारीख नव्हती. तिच्या लक्षात आलं ते इतकंच, की त्याचं अंथरूण कसं हलतं हे तिला शेंड्यापर्यंत ठाऊक होतं आणि अंथरुणात कोण झोपलंय हे ठाऊक नव्हतं. आणि तिचं काम तरी काय होतं? ते सगळं हलणं काळजीपूर्वक काढायचं, आणि चूक म्हणून वाऱ्यातून टाकून द्यायचं. रोज.

जहाज एवढं जवळ होतं की साधा मोबाइल लागत होता. नकाशेवाली जेवायला गेल्यावर तिने फोन केला.

"पेटी हलवलीस का?"

"आधी माणसाने 'कसा आहेस' म्हणावं."

"कसा आहेस? पेटी हलवलीस का?"

तो मोकळेपणाने हसला. त्याचं हसणं अजून चांगलं होतं. ती ते कधी नाकारत नसे. "हलवली की. गोदीत होतो तेव्हाच. वर झाकणातून पाणी शिरायचं तिच्यात, गंजायला लागली होती. खाली यंत्रांच्या खोलीत नेली, कोरड्यात. मस्त बसली आहे बाईसाहेब."

"सांगितलं नाहीस."

"त्यात सांगायचं काय? जहाज पोलादाचं आहे, रबराचं नाही. वर पाच अंश कललं की खालीही पाचच अंश कलणार. पेटी कुठेही ठेव, अंश तेच."

"अंश तेच. पण शेंडा जास्त धावतो. मिटलेली छत्री हातात उभी धर आणि मनगट हलव. मनगट किती हलतं आणि टोक किती हलतं?"

पलीकडे काहीतरी खडखडलं. तो खरोखरच हातात काहीतरी धरून बघत असावा. "हां," तो म्हणाला. "हां गं. हे डोक्यातच आलं नाही. अंश तेच, अंश तेच, करत राहिलो. आणि एवढा जुना माणूस मी!"

"गोदीतून निघाल्यापासूनचा सगळा वारा चुकला आहे."

"किती चुकला?"

"थोडाच. पण सगळा."

"मग आकडा बदल की. पेटी किती खाली गेली ते मी आत्ता फीत लावून मोजतो आणि तुला कळवतो. तू तो घाल. एक आकडा. त्यात काय एवढं?"

त्याचं बरोबर होतं. एक आकडा बदलायचा, यंत्राला सगळं पुन्हा करायला सांगायचं, उन्हाळ्यापासूनचा वारा दोन दिवसांत जागेवर येईल. ज्यांना तो पाठवला त्यांना तसं कळवायचं. त्यात खरंच काही एवढं नव्हतं.

"बरं, उद्याचं बोल," तो म्हणाला. "मी सगळं योजून ठेवलंय. स्वयंपाकघरात एक नवा कप्पा करायचा. आणि खिडकीखाली आपला पलंग आहे ना, त्याच्या डोक्याशी..."

"पलंग खिडकीखाली नाही."

"मग?"

"आतल्या भिंतीला आहे."

"कधी हलवलास?"

"तू हात मोडून घरी होतास, त्याच्या आधी."

"म्हणजे मी दोन महिने त्याच्यावर आतल्या भिंतीशी झोपलो?" तो पुन्हा हसू लागला, आता स्वतःवर. "बघ, लक्षातच नाही! काय नवरा मिळालाय तुला. तरी मला वाटायचं, सकाळी उजेड कमी का येतोय."

तीही हसली. हसू आलंच तिला. "संध्याकाळी घरून बोलते," ती म्हणाली.

विभागप्रमुखांनी ऐकून घेतलं, कपाळावर दोन बोटं आपटली आणि म्हणाले, "बरं झालं सापडलं. कळवून टाका सगळ्यांना." तिने लिहिलं. हालचालीची पेटी उन्हाळ्यात जागेवरून हलवली गेली होती, ते कळवलं गेलं नव्हतं, त्यामुळे तेव्हापासूनचे वेग पुन्हा काढावे लागतील, तोवर ते वापरू नयेत. लिहायला काहीच वेळ लागला नाही. कोणावर ठपका नव्हता, कोणाची क्षमा मागितलेली नव्हती, नुसतं काय झालं ते. ती वाक्यं पाठवून झाल्यावरही ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसली. इतकं साधं बोलता येतं, याचं तिला नवल वाटत होतं.

बस येऊनही ती चढली नाही. गोदामांच्या मागच्या रस्त्याने समुद्राच्या कठड्यापर्यंत चालत गेली. एक माणूस गळ टाकून पाठमोरा बसला होता, त्याच्या बादलीत काही नव्हतं. दोन मुली एकाच सायकलवरून आरडाओरडा करत गेल्या. पलीकडे, नखाएवढं, जहाज. दिवे नुकतेच लागले होते. इथून ते अगदी स्थिर दिसत होतं, कोणी क्षितिजावर चिकटवून ठेवल्यासारखं; आणि तिला मात्र आकड्यांनिशी ठाऊक होतं की ते आत्ता या क्षणी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जात आहे, फडताळातल्या वस्तू सरकताहेत, जिन्यातला माणूस कठडा धरतोय. त्यालाही तिथून शहर दिसत असेल. दिव्यांचा एकच पुंजका, जागच्या जागी. परतून येणाऱ्याला किनारा असाच दिसायला हवा, नाहीतर त्याने परतावं कशाच्या भरवशावर? याबद्दल तिच्या मनात त्याच्यावर राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

मागच्या वर्षी तो मनगट मोडून घरी होता, ते दोन महिने तिला आठवले. आठवले म्हणजे काय, ते गेलेच नव्हते. पहिले तीन-चार दिवस तो घरात पाय फाकवून चालायचा आणि म्हणायचा, तुमची फरशी हलते. मग एका हाताने त्याने कामं काढली. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटाला पितळी आकडा बसवला, वादळात दार उघडू नये म्हणून. डब्यांखाली रबराचे तुकडे, फळीच्या कडेला पट्टी. "घर बुडवायला काढलंय का रे?" सासूबाई म्हणाल्या होत्या. तो गेल्यावरही आकडे राहिले. अजूनही ती रोज सकाळी चहाच्या डब्यासाठी आकडा काढते आणि लावते, न हलणाऱ्या घरात. तो दारात तिची वाट बघत उभा असायचा, आणि जिन्याच्या मधल्या वळणावर तिचे पाय मंद व्हायचे. तो तिच्यासाठी चहा करायचा, प्रेमाने, एका हाताने, दोन चमचे साखर घालून. तिने साखर कधीच सोडली होती. पहिल्या दिवशी तिने सांगितलं नाही, कारण त्याच्या मोडक्या हाताकडे बघून बोलवलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर काल का नाही सांगितलं, असं झालं असतं. मग तो गोड चहा ती दोन महिने प्यायली. तो समोर बसून म्हणायचा, "किती बरं वाटतं गं. सगळं आहे तिथे आहे." आणि तिला आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत, असं एकटं वाटायचं की तसं तो समुद्रावर असताना कधी वाटलं नव्हतं. तो नसताना एकटेपणाला जागा होती, कोपरा होता, त्याची उठण्याबसण्याची वेळ होती. तो असताना एकटेपणा घरभर पसरे. ती कार्यालयात उशिरापर्यंत थांबू लागली. एकदा नकाशेवालीने विचारलं, "जहाज कधी सुटणार, हे आज तिसऱ्यांदा बघते आहेस. एवढी काळजी वाटते होय त्याच्या जाण्याची?" तिने मान डोलावली होती. आज कठड्यावर हात ठेवून उभी असताना तिला त्या मान डोलावण्याची लाज वाटली नाही, फक्त थकवा आला. त्याने पेटी हलवली आणि कळवलं नाही. तिने तर याहून कितीतरी जास्त हलवलं होतं. आणि तो बिचारा अजून त्याच जुन्या आकड्यावर सगळा हिशेब करत होता, कप्पे योजत होता.

गळवाला उठला, बादली उलटी करून झटकली आणि निघून गेला.

घरी सासूबाई फोनजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये काढली होती, कानाला यंत्र लावून, लोकांच्या तारा जोडत. अजूनही घरातल्या फोनला त्या 'लाइन' म्हणत आणि तो वाजला की ताठ बसत. मुलगा लहान असताना त्यांचा नवरा गेला, त्यानंतर मुलाला त्यांनी एकटीने वाढवलं, आणि मुलगा समुद्रावर गेल्यावर सून त्यांच्या वाट्याला आली. दोघींची घडी कधी बसली हे दोघींनाही सांगता आलं नसतं. रात्री एकच दिवा, दोन पुस्तकं, मधे शेंगदाण्यांची वाटी. आणि ते सगळंही आता तागडीत होतं, हे तिला चपला काढतानाच जाणवलं.

"त्याचा फोन येऊन गेला," सासूबाई म्हणाल्या. "एक आकडा सांगितलाय, मी लिहून ठेवलाय. फीत लावून मोजलं म्हणे. आणि तुला करायला सांगितलाय फोन."

"करते."

"हात-पाय धू आधी. चेहरा बघ कसा झालाय. समुद्रावर गेली होतीस?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"केस बघ आरशात. पंख्याने होत नाहीत असे." त्या तिच्याकडे बघत राहिल्या. "मी सगळ्यांना सांगत सुटले, तो कायमचा येतोय म्हणून. तुला विचारायला हवं होतं का गं?"

ती पाणी प्यायला आत गेली. पाण्याचा पेला घेऊन ती स्वयंपाकघरातून आली, आणि पेला टेबलावर ठेवायचं विसरून तसाच हातात धरून उभी राहिली.

"मागच्या वर्षी तो होता तेव्हा," सासूबाई हळूच म्हणाल्या, "तू रोज जिन्यात थांबायचीस. मधल्या वळणावर. मला वरून पावलं ऐकू यायची. यायची, यायची, आणि थांबायची. माझे कान कशासाठी घडलेत, माहीत आहे ना? त्याला काही ऐकू यायचं नाही. तो आपला दारात उभा."

"आई..."

"मी काही म्हणत नाही. ऐकलं ते सांगितलं."

"मी बोलते त्याच्याशी. तुम्ही आत जाता का जरा?"

"छान. जन्म गेला परक्यांचं ऐकण्यात, आणि घरचं चाललंय तर आत जा." पण त्या उठल्या. दोन पावलं गेल्या आणि दाराच्या चौकटीला धरून थांबल्या, पाठ फिरवून. "मी इथे उभी राहते. आत नाही जात. तुला आत जा म्हणावंसं वाटलं, तर पुन्हा म्हण."

तिने पुन्हा म्हटलं नाही. त्या पाठीकडे, वरच्या बाजूला जरा वाकलेल्या त्या मानेकडे बघत तिने फोन लावला. त्याने पहिल्याच घंटेला उचलला.

"आकडा मिळाला? आईने नीट लिहिलाय ना? सहा पूर्णांक..."

"मिळाला."

"जमलं मग. झालं तुझं धुराडं स्थिर." तो खुशीत होता, मागे कोणीतरी शीळ घालत होतं, कोणीतरी साखळी ओढत होतं. "ऐक, सकाळी धक्क्याला लागलो की पहिल्यांदा कार्यशाळेत जातो, सही करतो, आणि मग घरी. दुपारच्या आत येतो. करू ना सही? तू म्हणशील तसं."

तिच्या मनात पुष्कळ वाक्यं होती. काही त्याच्या बाजूची होती, काही सासूबाईंच्या. उद्या बोलू, हेही होतं, अगदी पुढे, जिभेच्या टोकाशी. तिने हातातला पेला टेबलावर ठेवला.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय. मी आता सांगते ते मधे न बोलता ऐक. मी हे खूप आधी सांगायला हवं होतं. तुला सांगितलं नाही, म्हणून तू योजत राहिलास, यात तुझी चूक नाही. तुला किनाऱ्यावर यायचं असेल तर सही कर, ती तुझी नोकरी आहे. हे घर तुझ्या आईचं आहे, तू इथे ये, राहा, मी माझी सोय दुसरीकडे बघेन. पण माझ्यासाठी येत असशील तर येऊ नकोस. मला यापुढे तुझ्याबरोबर राहायचं नाही."